बरा दिसतोस

मार्केटातला मासेवाला रॉय कार्टमेल अगदी सहज बोलून गेला. मुठीनं बर्फाचा चुरा हॅडॉक माशांवर टाकत होता, माझ्याकडे धड बघतही नव्हता. "बरा दिसतोस रे लेन," म्हणाला, आणि माझ्या पोटात काहीतरी सटकन खाली गेलं. अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. मी कोटाच्या गुंड्यांवरून हात फिरवला. सगळ्या जिथल्या तिथं. दाढी केलेली. (का केली होती? कुणी सांगितलं होतं?) आधी तोंड मीच उघडलं होतं. वरच्या तुकड्यात पोटाकडचा काटा राहिलाय, असं त्याला दाखवलं होतं. गोदीवर ज्याचं आयुष्य मासे कापण्यात गेलं त्याला काटा दिसतो, त्यात बरं असण्याचा काय संबंध? पण रॉयनं मान वर केली आणि या वेळी नीट बघितलं. "माझा माणूस ब्लॅकपूलला हॉटेलात लागला. शुक्रवार-शनिवार सकाळी हात हवाय. तुझा चालेल." त्यानं एक अख्खा हॅडॉक उचलला, कागदात गुंडाळला आणि माझ्या बगलेत खुपसला. "विचार कर. रिकाम्या पोटी करू नकोस."

ट्रामच्या रुळांच्या कडेनं घरी येताना माशाचा गारवा कोटातून, स्वेटरातून, बनियनमधून आत शिरत होता. लहानपणी ताप मोजायला आई काचेची नळी अशीच बगलेत धरायला लावायची. हलू नकोस म्हणायची. मी हललो नाही, म्हणजे चाललो, पण हात हलवला नाही. ताप असू दे, असं तेव्हाही वाटायचं, म्हणजे शाळा नाही. आत्ताही तेच वाटत होतं. थोडासा असू दे. बुधवारपर्यंत तरी.

बुधवारी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई आमचं घर तपासायला येणार होती.

आमच्या घरात 'बरा' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. घर म्हणजे फेरीबोटीच्या धक्क्याकडून दुसऱ्या गल्लीतलं, विटांचं, चार खोल्या, एक स्वयंपाकघर, वास बहुतेक टोस्टचा. माझ्या खोलीचं भाडं मी कधी पाहिलेलं नाही. ते कौन्सिलकडून निघतं आणि घर चालवणाऱ्या संस्थेकडे जातं, माझ्या डोक्यावरून, सीगलसारखं. सावली पडते, हाताला काही लागत नाही. जेवणाचं आणि खोलीतल्या हीटरचं तेवढं माझं मी दर आठवड्याला संस्थेच्या पॉलेटच्या हातात देतो, आणि ते देताना मी जरा ताठ उभा राहतो. बाकीचं भाडं आमच्या आयरीनच्या अख्ख्या घराच्या दुप्पट आहे. "एका खोलीचं?" आयरीन म्हणाली होती. बहीण आहे, तिला बोलायचा हक्क आहे. "नळाला सोनं लावलंय का रे?" नळ गळतो. इतकं भाडं कौन्सिल देतं ते हे सपोर्टचं घर आहे म्हणून. इथं पॉलेट येते, आमची विचारपूस करायला. तिचा पगार त्या भाड्यात नाही, तो दुसऱ्याच कुठल्या खिशातून येतो म्हणे, पण ती येते म्हणूनच भाडं तेवढं मिळतं. ती यायची थांबली, किंवा तिची कुणाला गरजच उरली नाही, तर हे घर साधं घर होईल, आणि साध्या घराचं असलं भाडं कुणी कुणाला देत नाही. हे मला समजतं. मला एवढंच समजतं, यापुढचं केल्विन सांगतो.

केल्विन शेजारच्या खोलीत राहतो. याआधी असल्या दोन घरांतून फिरून आलाय, म्हणून आमचा वकील. "ऐक म्हाताऱ्या," त्यानं रविवारी बोटावर मोजून सांगितलं होतं. "बरा झालास की सपोर्ट नको. सपोर्ट नको तर हे घर तुझं नाही. घर नाही तर बॅग. म्हणून आजारी राहायचं. फार नाही, फार झालं तर हॉस्पिटल. मापात."

"माझं माप किती?" डॉरीननं विणकामातून विचारलं. डॉरीन समोरच्या खोलीतली. दिवसातून तीन-चार वाक्यं बोलते, आणि ती वाया घालवत नाही.

"तुझं बरोबर आहे. तू आहेस तशीच राहा."

"आणि काम?" हे मी विचारलं होतं. तेव्हा रॉय नव्हता, मासा नव्हता, नुसतंच विचारलं होतं.

"काम?" केल्विन हसला. "काम घेतलंस तर बॅग मीच भरून देईन."

घरी येऊन मासा फ्रिजमध्ये ठेवला. दार लावलं. दार उघडून परत पाहिलं. तो तिथंच होता, एक डोळा कागदाबाहेर काढून.

दाराबद्दल लिहायला हवं. नाही, आधी त्याच्याबद्दल.

हे घर मिळण्याआधीच्या मला मी 'तो' म्हणतो. 'मी' म्हटलं की घशाशी येतं. तो वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, एकटाच. गोदीवरची कंपनी बंद झाली, मग दुसरी, मग हात खिशात राहायला लागले. त्याला वाटायचं, हातांना अजून माशाचा वास येतोय, म्हणून तो ते धुवायचा, आणि मग धुवायचंही सोडलं. पडदे ओढलेले. पाकिटं दाराच्या फटीतून आत पडायची आणि पडलेल्या जागीच राहायची, दार उघडलं असतं तर खरखरली असती, पण दार उघडायचं नव्हतंच. आणि दारावर थाप पडायची. मुठीच्या तीन, जड, मधे श्वासाएवढी जागा. भाड्याची माणसं. तो दाराच्या आतल्या बाजूला उभा राहायचा, लाकडाला गाल लावून, आणि श्वास इतका हळू घ्यायचा की आपण नाहीच आहोत असं त्याचं त्यालाच खरं वाटायचं. नसणं त्याला फार चांगलं जमायला लागलं होतं. शेवटी आयरीननं कुलूप फोडून घेतलं. "लेन," ती म्हणाली, "तू इथंच होतास होय." त्याला हो म्हणता आलं नाही.

मग हॉस्पिटल, मग हे घर, आणि पहिल्याच सकाळी दारावर थाप.

ही वेगळी. दोन बोटांची, हलकी, आणि पॉलेटच्या अंगठीचा एक बारीक टक्. तो, म्हणजे मी, आता मी म्हणायला हरकत नाही, मी पलंगावर आक्रसून बसलो. बाहेरून पॉलेट म्हणाली, "लेन, राजा, मी पॉलेट. दार उघडायला नको. बोलायलाही नको. आहेस एवढं कळलं की मी खाली जाते." मी काही केलं नाही. ती गेली नाही. जिन्यावर बसली असावी, कारण फळी वाजली, आणि मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिनं तिथंच बसून सँडविच खाल्लं. कागद चुरगाळला. "घाई नाही," म्हणाली. खूप वेळानं मी बोटानं कपाटाच्या दाराला दोनदा वाजवलं. "छान," ती म्हणाली आणि खाली गेली. असे कितीतरी दिवस कपाट बोललं. मग एके दिवशी मी बोललो. "आहे." तेव्हापासून रोज आठ वाजता टक् टक्, आणि आतून "आहे". दार उघडत नाही मी अजून. तशी पद्धतच पडली. एवढ्याशा गोष्टीचं कुणाला काय सांगायचं, म्हणून कुणालाच कधी सांगितलं नाही.

तर बुधवार. मंगळवारी संध्याकाळी टबात बसून मी बुधवार करून पाहिला. बाई येते. मी खुर्चीत, मान खाली. तुम्ही कसे आहात? मी उत्तर देत नाही. (पण पाहुण्यांना उत्तर न देणं बरं दिसत नाही.) पुन्हा. बाई येते. माझ्या गुंड्या चुकीच्या लावलेल्या. ती बघते. चहा करता येतो का? येत नाही, मी म्हणतो, किटलीची भीती वाटते. (किटलीची? पॉलेट समोर उभी असेल. तिनं मला किटलीतला चुना काढताना बघितलंय.) पुन्हा. बाई येते. तोच दार उघडतो, पडदे ओढलेला, न धुतलेल्या हातांचा, आणि म्हणतो, या, खोली माझी आहे, हा लेन नंतर आला. पाणी गार झालं तरी मी तसाच बसून होतो. खोली जायला नको होती. खोलीपेक्षाही, खोलीच्या दारावरचा तो आवाज जायला नको होता, आणि त्यासाठी त्याला परत बोलवावं लागणार असं दिसत होतं. एका दिवसापुरतं. पण तो एका दिवसापुरता कधी आलेला नव्हता.

सकाळी घर उलटं चाललं. रोज पॉलेट म्हणते भांडी धुवा आणि आम्ही टाळतो. आज ती नऊला स्वयंपाकघरात आली तर केल्विननं सिंकमध्ये धुतलेली भांडी परत काढून ठेवली होती आणि त्यांच्यावर बीन्सचा रस्सा ओतत होता. मी टोस्ट जाळत होतो. डॉरीन दूध फ्रिजबाहेर ठेवून त्याच्याकडे बघत बसली होती.

"हे काय चाललंय?" पॉलेट म्हणाली.

"आम्हाला आज बरं नाही," केल्विन म्हणाला.

पॉलेट सिंक उपसायला लागली. ती धूत होती आणि केल्विन तिच्या पाठीमागून बशा उष्ट्या करत होता. तिनं खिडकी उघडली, मी लावली. तिनं परत उघडली आणि माझ्याकडे बघितलं. "तुझ्या गुंड्या, लेन."

"असू दे."

"आज आठ वाजता मला 'आहे' म्हणालास त्या आवाजात जरा कमी होतं काहीतरी. आणि आता गुंड्या. काय झालंय?"

घंटा वाजली.

बाईंचं नाव मिसेस इक्बाल. पन्नाशीच्या, पावसाळी कोट, डोक्यावर स्कार्फ, पायाला हलके बूट, बोलणं इकडचंच, ब्लॅकबर्नकडचं. आत येताच त्यांनी हवा हुंगली. "कुणाचा नाश्ता करपला?" "माझा," मी म्हणालो. "रोज करपतो." "अरेरे," त्या म्हणाल्या, आणि कोट काढून स्वयंपाकघरातच बसल्या. खोल्यांत जायला हवं, असं काही बोलल्या नाहीत. केल्विन सुरू झाला. झोप येत नाही, आली तर उठवत नाही, पत्रं समजत नाहीत. (पत्रं तो सगळ्या गल्लीची वाचून देतो.) त्या ऐकत होत्या, मधून मान डोलवत होत्या. ओट्यापाशी डॉरीननं हॅडॉक काढला होता. हीसुद्धा केल्विनचीच योजना. आज डॉरीननं रांधायचं, कारण तिला येत नाही. तिच्या हातात ब्रेड कापायची सुरी होती, दातेरी. तिनं ती माशाच्या पाठीवर ठेवली आणि करवत चालवावी तशी चालवली.

मी खिडकीकडे बघितलं. छपरावर एक सीगल उभा होता. मागून करवतीचा आवाज येत होता. मांस फाटत होतं, काट्याला लागून सुरी घसरत होती, परत लागत होती. तो आवाज माझ्या दातांत येत होता. मी खुर्चीची कड धरली. रॉयचा मासा होता, चांगला होता, डोळा स्वच्छ होता. कुणीतरी समुद्रातून आणला होता तो.

"डॉरीन, सोड," मी म्हणालो.

मी उठलो ते मला कळलं नाही. खणातली पातळ सुरी बशीच्या पाठीवर चार वेळा घासली. कल्ल्यामागे एक तिरपा काप, मग बोटांना काटा लागला आणि मग मी नव्हतोच, हात होते, सुरी काट्यावरून शेपटीपर्यंत एका दमात गेली, तो बारीक टकटक आवाज करत, आणि अर्धा मासा ओल्या कापडासारखा सुटून आला. उलटवला. दुसरी बाजू. पोटाकडचे काटे एका सालीत. मग शेपटीशी बोट दाबून कातडं. दोन पांढरे तुकडे फळीवर, शेजारी काट्याचा सांगाडा, त्यावर बोटभरही मांस नाही. मी वर बघितलं. मिसेस इक्बाल बघत होत्या. केल्विननं डोळे मिटून घेतले होते.

बॅग, मी मनात म्हणालो. हिरवी, कपाटावरची.

"मिस्टर थ्रेलफॉल," त्या मला म्हणाल्या, "हे मी आयुष्यात इतकं सफाईनं झालेलं पाहिलं नाही. माझे मिस्टर मासा कापतात तेव्हा आम्ही पोरांना बाहेर पाठवतो." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता मला एक सांगा. तुम्हाला काय येत नाही ते सगळ्यांनी सांगितलं. पॉलेट इथं काय करते ते कुणीच सांगितलं नाही."

याची तयारी केली नव्हती. टबात हा प्रश्न आलाच नव्हता. माझ्या हाताला मासा लागलेला होता, मी तो हवेत धरून उभा. "दार वाजवते," मी म्हणालो.

"कधी?"

"रोज. आठला. मी आहे म्हणतो."

"आणि नाही म्हणालात तर?"

"जिन्यावर बसते. नोव्हेंबरमध्ये बसली होती, बरेच दिवस." नोव्हेंबरचं मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो, त्या जुन्या 'तो'च्या खात्यावर टाकलं होतं. पण नोव्हेंबर माझाच होता, या घरातला, या गुंड्यांतला. "मग डॉक्टरकडे आली बरोबर. आत नाही आली. बाहेर बसली, मला दिसेल अशी."

"रविवारी तर ती येत नसेल."

मी फळीकडे बघितलं. "रविवारी मीच वाजवतो."

"म्हणजे?"

"माझ्या दारावर. आतून. आणि मग म्हणतो." कान गरम झाले. "नाहीतर दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही."

पॉलेट नळाकडे वळली आणि नळ सोडला, काही धुवायचं नव्हतं तरी. केल्विन म्हणाला, "मला वाटायचं पाइप वाजतोय."

मिसेस इक्बालनी थोडं लिहिलं. मग सावकाश सांगितलं, मला एकट्याला नाही, आम्हा तिघांना. त्या आजार मोजायला आल्या नव्हत्या. सपोर्टचं घर म्हणून भाडं घेणारे खरंच कुणाचं दार वाजवतात का, की भाडं घेऊन नुसती किल्ली देतात, ते बघायला आल्या होत्या. अशी घरं असतात, त्या म्हणाल्या, जिथं महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. "तुम्ही बरे दिसता. का दिसता ते मला आत्ता कळलं. त्यासाठीच तर भाडं देतो आम्ही. वरचा शिक्का माझा नाही, पण मला इथं खटकण्यासारखं काही दिसलं नाही. टोस्ट सोडून."

मी खाली बसलो. "दोन सकाळी काम घेतलं तर?" हा प्रश्न माझ्या तोंडून रॉयच्या आवाजात आला.

"जॉबसेंटरला सांगायचं, तुमचा सरकारी भत्ता तिथून येतो, आणि आम्हाला सांगायचं. तिकडून तुमचे पैसे थोडे कमी होतील. पण तिकडून थोडे जरी येत राहिले तरी भाड्याला हात लागत नाही. दोन सकाळींनी ते बंद होत नाहीत. पूर्ण वेळ घ्यायची वेळ आली तर आधी पॉलेटला घेऊन माझ्याकडे या, तेव्हा हिशेब खरंच वाकडा होतो." त्यांनी केल्विनकडे बघितलं. "तुम्ही काही विचारणार होतात?"

"नाही," केल्विन म्हणाला. "मग मी त्या बशा कशाला..." आणि उठून सिंकपाशी गेला.

त्या गेल्यावर मी गुंड्या नीट लावल्या. पोटातली ती नसलेली पायरी अजून नव्हतीच, पण पाय जमिनीला लागला होता, आणि जमीन वाटली होती त्याहून वर होती. डॉरीननं हॅडॉक दुधात शिजवला. मीठ विसरली. आम्ही सगळा खाल्ला.

गुरुवारी संध्याकाळी मी पॉलेटला सांगितलं, उद्या मी रॉयकडे कामाला पाचलाच निघेन, तू आठला येशील तेव्हा खोलीत कुणी नसेल. वाजवू नकोस. ती कोट चढवत होती. "मी वाजवणार," ती म्हणाली. "माझा पण दिवस सुरू व्हायला नको?" केल्विन वरून ओरडला, हवं तर तो आतून ओ देईल. "तू तुझ्याच खोलीत दे," पॉलेट म्हणाली, "तुझं तर मला दहापर्यंत कळत नाही."

शुक्रवारी समुद्राकडून वारा होता आणि मार्केटात दिवे पिवळे. रॉयनं एप्रन दिला, तो दोन वेढे बसला. पहिली पेटी कॉड माशांची. हात आधी गारठले, मग दुखले, मग गरम झाले, तसेच व्हायचे पूर्वीही, हे विसरलो होतो. तो कुठं असेल असं एकदा मनात आलं. नंतर आलं, की कॉडचं कातडं शेपटीशी घट्ट असतं, बोट जास्त दाबायला हवं. गिऱ्हाईकं यायला लागली. एका बाईनं पोटाकडचा काटा नको सांगितलं, रॉय म्हणाला, आजपासून नसेल. मार्केटाच्या घड्याळात आठ झाले. धक्क्याकडून दुसऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, जिन्याची फळी आत्ता वाजली असणार. मी सुरीची मूठ फळीवर दोनदा टेकवली.

"आहे," मी म्हणालो.

"कोण?" रॉयनं विचारलं.

"कुणी नाही. पुढची पेटी दे."